मर्तिकाचं रॉकेल

कवठे महांकाळच्या बाजूला पाऊस आला म्हणून कुणी कुरकुर केलेली कुणाला आठवत नव्हती. पावसाच्या बाबतीत तिथला माणूस कायमचा मागतकरी. येईल तेव्हा आणि येईल तेवढा पदरात पाडून घ्यायचा. त्यामुळे सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर पूर्वेकडून काळंभोर आभाळ चालून आलं तेव्हा गावातली माणसं ओसरीवर बसून खूश झाली. शाळूला बरं होईल म्हणाली. मग वारं सुटलं. ते वारं आणि तो पाऊस असा काही बडवत राहिला की शाळू भुईसपाट झाला, पत्रे उडाले, विजेचे खांब दारू प्यायल्यासारखे रस्त्यात आडवे पडले आणि मिरजेकडं येणारी रेल्वेची लाइन कुठंतरी वाहून गेली. लाइन गेली म्हणजे तेलाच्या वाघिणी थांबल्या. डिझेल नाही म्हणून एस.टी. बंद, ट्रक बंद, विहिरीवरची इंजिनं बंद. आणि रॉकेल नाही म्हणून घरोघरचा दिवा बंद.

दिव्याचं एक वेळ सोडून देऊ. अंधाराची सवय गावाला होतीच. खरी पंचाईत चुलीची झाली. लाकडं भिजून वजनाला दुप्पट झाली होती. वर्षाची बेगमी म्हणून रचून ठेवलेल्या शेणी भिजून त्यांचं परत शेण झालं होतं. वादळ सरलं तरी आभाळ काही उघडेना, ऊन काही पडेना, आणि थंडी मात्र हाडांत शिरायला लागली. ओलं जळण पेटवायचं तर त्यावर वाटीभर रॉकेल ओतायला हवं. ज्याच्या चुलीत विस्तव टिकला होता त्याच्या दारात बाया खापरी घेऊन उभ्या राहायच्या, आणि ज्याच्या घरात रॉकेल होतं तो ते दागिन्यासारखं लपवून ठेवायचा.

आकारामच्या घरात विस्तवही नव्हता आणि रॉकेलही नव्हतं. होती ती बाळंतीण. त्याची बायको चंद्रा ऐन वादळात बाळंत झाली होती. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर झालेलं पहिलं पोर, तेही दिवसांआधी आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. मागची भिंत ओली होऊन तिला पोपडे सुटले होते. बाजेखाली शेगडी नाही, अंगाला शेक नाही, प्यायला कोमट पाणी नाही. आकारामची आई रंगूबाई पोराला छातीशी धरून बसायची आणि त्याचे तळपाय आपल्या तोंडाच्या वाफेनं गरम करायची.

त्या दिवशी सकाळी पोराचे ओठ निळे दिसायला लागले. चंद्रा नुसती आकारामकडं बघत राहिली. रंगूबाई मात्र गप्प बसणारी बाई नव्हती.

"बाप्या माणूस हाईस न्हवं?" ती म्हणाली. "मग जा की कवठ्याला. टँकर आलाय म्हणं. ज्ञानू कालधरनं बसलाय थितं नंबर लावून. तू काय पोर निळंकाळं हुईस्तवर वाट बघणार हाईस?"

पोराला गुंडाळायला घरात एक कोरडं फडकं उरलं नव्हतं. आकारामनं डोक्याचा पटका सोडला, आईच्या हातात दिला, डबा उचलला आणि तसाच बोडक्यानं बाहेर पडला. ओढ्याच्या उतारावर चिखलानं एक वहाण गिळली. एका वहाणेनं चालण्यापेक्षा त्यानं दुसरीही तिथंच टाकून दिली. पोराच्या ओठांपलीकडं त्याच्या डोक्यात काही नव्हतं, त्यामुळे आपण कसे दिसतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बोडकं डोकं, अनवाणी पाय, गुडघ्यापर्यंत चिखल आणि रडवेलं तोंड. त्या भागात शहाणासुरता गडी डोक्याला काही घातल्याशिवाय वेशीबाहेर पडत नाही. पडतो तो एकाच वेळी, घरात मढं असताना.

कवठ्यात अण्णांच्या रेशन दुकानासमोरची रांग पार चावडीला वळसा घालून बाजारपटांगणात गेली होती. रांगेत माणसं कमी आणि डबेच जास्त. डब्यांमागं दगड, दगडांमागं चपला, आणि ज्याच्याकडं ठेवायला काहीच नव्हतं तो स्वतः उकिडवा. ही रांग सयाजी सुभेदाराच्या ताब्यात होती. सयाजी पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला. त्याला कुणी नेमलं नव्हतं, अण्णांच्या दुकानावर पहिल्याच दिवशी मारामारी झाली तेव्हा तो हातात वेताची छडी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "लाइन सिदी करा." तेव्हापासून त्याचा शब्द तो कायदा. डबा सोडून जो घरी जाईल त्याचा डबा लाइनबाहेर. मग तो सरपंच असो की सरपंचाचा मेव्हणा.

आकाराम शेवटापासून पुढं पुढं चालत निघाला, तो केवळ आपल्या गावचं कुणी दिसतं का ते बघायला. अण्णांच्या पायरीशी ज्ञानू दिसला. ज्ञानू त्याच्या गावचा, त्याच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. तो आणि बायको धोंडूबाई दोघंच, मूलबाळ नाही. आदल्या दिवसापासून तो घोंगडी पांघरून बसला होता आणि आता त्याच्यापुढं दोनच डबे उरले होते. त्यानं वर बघितलं. आकारामचं डोकं बघितलं, पाय बघितले, आणि हळूच उठून उभा राहिला.

"आकाराम," तो म्हणाला. "रंगूकाकी?"

आकारामला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तोंडातून 'न्हाई' हा शब्द निघायला हवा होता. एवढासा तर शब्द. पण त्यानं मागं वळून बघितलं. ती रांग, ते डबे, ते दगड. आपला नंबर यायचा तर पोर तोवर राहील की नाही हे त्याला दिसलं. त्यानं मान खाली घातली. एवढंच. तो एक शब्दही खोटं बोलला नाही, आणि पुढं कित्येक वर्षं तो स्वतःला हेच सांगत होता.

ज्ञानूचे डोळे भरून आले. "सुभेदार," त्यानं हाक मारली, "ह्याची आई गेली. मर्तिकाला रॉकेल पायजे."

आपल्याकडं माणूस कितीही नडला तरी मयतीला आडवा येत नाही. दोन दिवस रांगेत उभं राहून ज्यांचे पाय सुजले होते, ज्यांनी सकाळी एका डब्यावरून एकमेकांची गचांडी धरली होती, ती माणसं मुकाट बाजूला झाली. त्यात सुतक. शिवाशीव नको म्हणून लोक दोन-दोन हात मागं सरले आणि आकारामपुढं दुकानापर्यंत स्वच्छ वाट पडली. सयाजीनं छडी काखेत घेतली आणि टाचा जुळवल्या.

"ओल्या लाकडावर जाळायचं म्हंजे लय लागंल," ज्ञानू अण्णांना म्हणाला. "त्येचा डबा भरून द्या. माझ्या नंबरात द्या पायजे तर."

अण्णांनी पिंपाला लावलेला हातपंप मारला. आकारामचा डबा गळ्यापर्यंत भरला. पुढच्या दोघांचे कसेबसे अर्धे झाले, आणि पिंपातून नुसती फुसफुस यायला लागली. अण्णांनी हात झाडले. टँकर येईल तेव्हा येईल. ज्ञानूचा डबा रिकामाच राहिला.

"ऱ्हाऊं दे रं," ज्ञानूच आकारामला म्हणाला. "मढ्यापुढं माझं काय मोठं न्हाई. चल, मी बी येतो. काकीला खांदा द्यायला नगं?"

आता मात्र आकारामनं घाईनं डबा उचलला. "नगं, नगं ज्ञानूदा. तुमी बसा. पयला नंबर हाय तुमचा, कशाला घालवता? आमी भावकी हाय, उरकतो."

ज्ञानू जरा घुटमळला. मग खाली बसला. "बरं मग असं कर. जाता जाता माझ्या घरात डोकाव. धोंडूला ताप हाय, खोकला लय झालाय. तिला म्हणावं, टँकर आला की आलोच. आन जमलं तर वाईच विस्तव दे तिला. मयतीच्या गडबडीत सांगू न्हाई, पण दुसरं कोण हाय मला?"

"देतो," आकाराम म्हणाला.

आणि तो देणारही होता. सगळ्या रस्त्यानं त्याच्या मनात तेच होतं. पण गाव जवळ आलं तसं त्याच्या लक्षात आलं की भरलेला डबा घेऊन वेशीतून जायचं म्हणजे दारादारात उभं राहायचं. वाटीभर दे, बुडकुलीभर दे, आमच्या म्हातारीला दे. नाही म्हणायचं तरी किती जणांना? म्हणून तो परड्यांच्या मागच्या वाटेनं गेला. ज्ञानूचं घर त्याच वाटेवर. कुडाच्या आडून त्याला धोंडूबाईचा खोकला ऐकू आला. तो थांबला. आत गेलो तर शेजारची मनुबाई येणार, डबा बघणार, आणि रॉकेल कुणी दिलं, कसं दिलं हे विचारणार. खोकते आहे म्हणजे बरी आहे, त्यानं मनाची समजूत घातली. आधी पोराला शेक मिळू दे, मग सावकाश विस्तव घेऊन येऊ.

घरी आल्यावर मात्र दुसरं काही सुचलं नाही. ओली लाकडं रॉकेलनं भिजवली, काडी ओढली, आणि चूल भडकली. शेगडी बाजेखाली गेली. पाणी तापलं. चंद्राच्या पाठीला शेक लागला तशी ती पहिल्यांदा रडली. दिवस कलेपर्यंत पोराचे ओठ तांबूस झाले आणि त्यानं असं काही भोकाड पसरलं की रंगूबाई हसली.

मग आकारामनं आईला झालेली गोष्ट सांगितली. तिच्या तोंडावरचं हसू उतरलं.

"म्हंजे डबाभर रॉकेलला मेले म्हन की मी," ती म्हणाली.

"आये, मी बोललोच न्हाई काय."

"न बोलता मारलंस व्हय? मग बरं केलंस." तिनं पोराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. नातवाचा जीव वाचला होता, त्यापुढं तिला फार वेळ रागावता येईना. "आसूं दे. कुणी इचारलं तर सांग, आईच्या डोस्क्याला कावळा शिवला हुता. कावळा शिवला की मेल्याची खोटी खबर धाडावीच लागती, न्हाई तर खरं मरण येतं. माझ्या चुलतीचं असंच केलं हुतं. कुणाचं काय वाईट हुत न्हाई त्यात, उलट आयुष्य वाढतं."

आकारामला हे फार पटलं. पटवून घ्यायचंच होतं. खोटी मयत सांगून कुणाचं काय बिघडतं, रडणारे रडून मोकळे होतात, हे गावात सगळेच धरून चालत. अशा वेळी आधी सांगावा धाडायचा आणि मागाहून गूळ वाटायचा, एवढाच रिवाज. त्या संध्याकाळी तो शेगडीजवळ पाय पसरून बसला आणि बसल्या जागी झोपला.

सकाळी विस्तव न्यायचं आठवलं. पण धोंडूबाई विचारणार, आमचे का आले नाहीत. आणि मग तिला काय सांगायचं? जेवण करून जाऊ, असं ठरलं. जेवण झाल्यावर पोराला धुरी द्यायची होती. दुपार टळून गेली. मग खालच्या अंगाला एका बाईनं हंबरडा फोडलेला ऐकू आला. तो मनुबाईचा होता. ती धोंडूबाईला पेज द्यायला गेली होती, तर धोंडूबाई भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून पडली होती. चूल थंड, अंग थंड. कधी गेली, कुणाला ठाऊक.

अर्जुना नावाचा भावकीतला पोरगेला गडी ज्ञानूला आणायला कवठ्याला पळाला. तिथं काय झालं ते आकारामला नंतर या अर्जुनाकडूनच कळलं, आणि अर्जुना सांगताना एकदाही त्याच्याकडं बघत नव्हता. अर्जुनाला बघून ज्ञानूनं आधी विचारलं होतं, "रंगूकाकीचं नीट पार पडलं का रं? पेटलं न्हवं?" अर्जुना म्हणाला, "काकीला काय धाड भरलीया? ती नातवाला शेकत बसलीया. ज्ञानूदा, गेली ती तुमची धोंडूवैनी."

दोन्ही बातम्या सगळ्या रांगेनं ऐकल्या. ज्ञानू खाली बसला. मग उठून अण्णांना म्हणाला, टँकर येईल तेव्हा मला पहिल्यांदा द्या, मर्तिक आहे. रांगेत मागं कुणीतरी हसलं. "ह्या गावाला नंबर लावायची हीच रीत दिसती," एक जण म्हणाला. "काल आई, आज बायकू. उद्याच्याला सासू मारतील." सयाजी सुभेदाराला आदल्या दिवशी आपण टाचा जुळवल्या होत्या हे आठवलं आणि त्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्यानं छडी आपटली. "आता मढं दाखीवल्याबिगर मर्तिकाचं रॉकेल न्हाई. मागं हो." ज्ञानूनं वाद घातला नाही. तो डबा घेऊन लाइनीतून बाहेर पडला आणि अर्जुनामागून गावाकडं चालायला लागला.

हे ऐकून आकाराम उठला. डब्यात निम्म्याहून जास्त रॉकेल शिल्लक होतं. चंद्रानं पोराला जवळ ओढलं. रंगूबाईनं स्वतः डबा उचलून त्याच्या हातात दिला. "समदं दे," ती म्हणाली. "पाया पड त्येच्या."

ज्ञानूच्या दारात माणसं जमली होती. पहाटेच न्यायचं ठरत होतं, पण कसं न्यायचं ते ठरत नव्हतं. लाकडं पिळली तर पाणी निघालं असतं. गावभरची रॉकेलं गोळा केली तर एक तांब्या भरला नव्हता. आकाराम डबा घेऊन आत आला तशी बोलणी थांबली. ज्ञानू बायकोच्या उशाशी बसला होता. आकारामनं डबा त्याच्यापुढं ठेवला आणि डोकं जमिनीला टेकवलं.

"ज्ञानूदा, चुकलो. पोर मरत हुतं माझं."

ज्ञानू म्हणाला, "पोर बरं हाय न्हवं आता?"

"हाय."

"मग झालं." त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. त्यानं डबा हातानं मागं सारला. "ह्यो उचल. ह्यो रंगूकाकीच्या मर्तिकाचा हाय. तिच्या नावानं मी मागून घेतला हुता. तिला लागंल तवा तिला वापर."

जमलेल्या माणसांनी ज्ञानूला परोपरीनं समजावलं. असा हट्ट बरा नव्हे, मढं ताटकळतं. त्यानं कुणाचं ऐकलं नाही. आयुष्यात कधी कुणाला उलट न बोललेला माणूस अडून बसला म्हणजे त्याला हलवायचं कसं हे कुणाला ठाऊक नसतं. डबा घरी घेऊन येताना आकारामला तो भरलेल्या घागरीपेक्षा जड लागला. रंगूबाईनं डबा बघितला, काय ते ओळखलं, आणि पदर तोंडाला लावून कोपऱ्यात जाऊन बसली.

सकाळी ज्ञानूनं गाडी जुंपली. धोंडूबाईला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून गाडीत निजवलं आणि वरून घोंगडी घातली. सुभेदारानं मढं दाखवायला सांगितलं होतं. तो दाखवायला निघाला होता. अर्जुना आणि आणखी चार-दोघं बरोबर निघाले. आकाराम मागून चालू लागला. त्याला कुणी ये म्हणालं नाही, परत जा असंही म्हणालं नाही. ज्ञानूच्या घरात मयत, म्हणून आकारामनं आज पटका मुद्दाम घरी ठेवला होता. वहाणा तर नव्हत्याच.

कवठ्यात पहाटेच टँकर येऊन गेला होता आणि रांग चालू होती. बाजारपटांगणात गाडी शिरली तशी तिची कुजबुज रांगेबरोबर पुढं धावत गेली. सयाजी छडी घेऊन तणतणत आला. त्यानं घोंगडीचं टोक उचललं. मग ते जागच्या जागी नीट ठेवलं, आणि त्याची मान खाली गेली.

"ज्ञानू, गाडी फुडं घे," तो म्हणाला. "वाट सोडा रं, समदे वाट सोडा."

रांग पुन्हा एकदा दुभंगली. पण ज्ञानूनं बैलांची वेसण धरली आणि गाडी वळवून पार शेवटी, शेवटच्या दगडामागं नेऊन उभी केली.

"माझा डबा लाइनभाईर काढलाय तुमी," तो म्हणाला. "कायदा हाय. मी मागनं येतो."

"असं करू नगंस, गड्या. माझं चुकलं म्हन."

"तुमचं काय चुकलं? मर्तिक म्हणून मला काय नगं. लोकांच्या मागनं मिळंल ते घीन."

अण्णा गल्ला सोडून खाली आले, त्यांनी हात जोडले. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी विनवण्या केल्या. ज्ञानू जुवाला हात लावून उभा राहिला. शेवटी रांग हलायला लागली. पुढचा एक डबा भरला की सगळे एक पाऊल सरकायचे, आणि त्यांच्यामागं गाडीची चाकं तेवढीच फिरायची. आदल्या दिवशी जो हसला होता तो आपला डबा उचलून निघून गेला. सुतकाच्या गाडीला खेटून कुणी उभं राहीना, म्हणून गाडीच्या मागं मोकळी जागा राहिली, आणि त्या जागेत आकाराम एकटा होता. त्याच्यामागं दोन हात सोडून पुन्हा माणसं होती. त्याच्यासमोर घोंगडीबाहेर आलेले धोंडूबाईचे पाय होते. दर पावलाला ते हलत. त्यानं घोंगडी ओढून ते झाकले. पुढच्या हिसक्याला ते परत उघडे पडले.

पाय बघता बघता त्याच्या मनात एक नको तो विचार आला. परवाचा प्रसंग पुन्हा आला तर आपण 'न्हाई' म्हणू का? पोराचे निळे ओठ आठवले आणि त्याला कळलं की आपण आताही म्हणणार नाही. त्याला स्वतःची किळस आली, आणि त्या किळसेनंही त्याचं उत्तर बदललं नाही.

ऊन पडलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माशा यायला लागल्या. दुपार होता होता गाडी पायरीशी पोचली. ज्ञानूनं कार्ड दाखवलं, अण्णांनी मुकाट्यानं डबा भरला. ते जास्त घालायला लागले तसा ज्ञानूनं हात आडवा धरला. कार्डावर होतं तेवढंच घेतलं. डबा धोंडूबाईच्या पायाशी ठेवून त्यानं बैलांना हाळी दिली. गाडी वळली. अर्जुना आणि बाकीचे तिच्याबरोबर निघाले. ज्ञानूनं मागं बघितलं नाही.

आकारामलाही निघायचं होतं. पण गाडी बाजूला झाली आणि तो दुकानाच्या पायरीसमोर उघडा पडला. गाडीमागं तो होता म्हणजे आता त्याचाच नंबर होता. अण्णांच्या हातात पंपाचा दांडा होता. सयाजी सुभेदारानं त्याच्याकडं बघितलं. बोडकं डोकं बघितलं, अनवाणी पाय बघितले. तो ओरडला नाही, छडीही उगारली नाही. कुणालाही विचारावं तसं त्यानं विचारलं,

"आज तुजं कोण गेलंय?"

आकारामनं गाडी गेली त्या रस्त्याकडं हात केला. "धोंडूवैनी."

"ती त्येची," सुभेदार म्हणाला. "तुजं कोण?"

आकाराम तसाच उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते, त्यानं डबासुद्धा आणला नव्हता. मागच्या माणसानं थोडा वेळ वाट बघितली. मग त्याला शिवणार नाही अशा बेतानं अंग चोरून तो पुढं झाला आणि आपला डबा पायरीवर ठेवला.